खड्डा कोण पाडतं?

मराठीत पाऊस पडतो, वीज पडते, दुष्काळ पडतो आणि खड्डाही पडतो. या वाक्यांमध्ये करणारा कुणीच नसतो. विहीर खणलेली असते, पाया खोदलेला असतो, म्हणजे तिथे खणणारा-खोदणारा कुणीतरी असतो. रस्त्यातला खड्डा मात्र आपोआप पडतो. म्हणून 'पुढं खड्डा पडलाय' असं कुणी सांगितलं की आपण 'कुणामुळे?' असं विचारत नाही. 'डावीकडून घेऊ का उजवीकडून?' असं विचारतो. भाषेनं इतकी मोठी सूट फार थोड्या गोष्टींना दिलेली आहे.

या सुटीचा विचार मी करायला लागलो तो गेल्या पावसाळ्यात, १८,४०० रुपयांचं बिल हातात आल्यावर. पुण्याहून गावी निघालो होतो. जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा इथपर्यंत मोठा रस्ता, आणि तिथून पुढे आत वळणारा एक रस्ता. त्याचं नाव देत नाही. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आपापला असा एक रस्ता आठवेलच. पाऊस नुकताच थांबला होता, अंधारून आलेलं, वेग चाळीसच्या आत, समोरून टेम्पो. पाण्यानं काठोकाठ भरलेला खड्डा आणि साधं डबकं वरून अगदी सारखं दिसतं. 'धाड' असा आवाज झाला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवली. लोअर आर्म वाकलेला, लिंक रॉड तुटलेली, शॉकअपमधून तेल गळतंय, रिमला चेप, टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. मिस्त्री साठीचे. चाक हातानं हलवून बघत म्हणाले, "त्याच खड्ड्याची ही तिसरी गाडी बघायलोय, आठ दिवसांत."

"म्हणजे सगळ्यांना माहीतच आहे की, मामा."

"माहीत नसायला काय झालं? मागच्या साली बी तिथंच होता. नशीब समजा साहेब, गाडीवर भागलं."

'गाडीवर भागलं' हे वाक्य मी बिलापेक्षा जास्त दिवस डोक्यात घेऊन फिरलो. ते खोटं नव्हतंच. त्याच खड्ड्यात दुचाकी गेली असती तर भागलं नसतं. पण त्या वाक्यात एक हिशेब आहे: जे झालं ते नशिबाच्या खात्यात, आणि जे झालं नाही तेही नशिबाच्या खात्यात. दुसरं खातंच उघडलेलं नाही.

ज्युडिथ श्क्लार नावाच्या राजकीय विचारवंत होत्या. 'द फेसेस ऑफ इनजस्टिस' या १९९० च्या पुस्तकात त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला आहे: एखाद्या संकटाला दुर्दैव कधी म्हणायचं आणि अन्याय कधी? त्यांचं म्हणणं असं की ही रेषा निसर्गानं आखून दिलेली नसते. ती माणसं आखतात, आणि बहुतेक वेळा ज्यांचं काही गेलेलं नाही तीच माणसं आखतात. जे थांबवता आलं असतं ते न थांबवणं, नुसतं बाजूला उभं राहणं, यालाही त्या अन्यायच म्हणतात. त्यात त्यांनी लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपाची चर्चा केली आहे. त्या भूकंपावर सगळा युरोप देवाशी भांडत होता तेव्हा रूसोनं व्हॉल्तेरला लिहिलं की सहा-सात मजली घरं एकमेकांना खेटून काही निसर्गानं बांधली नव्हती.

आम्हाला हे समजायला लिस्बनला जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आमच्या घरातले मोठे लोक अजून सांगतात की अंबाजोगाईपर्यंत भांडी वाजली होती. जमीन हलली हे निसर्गाचं. पण माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर आल्यामुळे. जमीन हलणं आणि घर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्यानं फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे.

त्याआधी दुष्काळ. माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीच्या गोष्टी ती इतक्यांदा सांगते की आम्ही नातवंडं तिची वाक्यं आधीच पूर्ण करतो. आमच्याकडचे कितीतरी रस्ते मुळात त्या दुष्काळी कामांवर, अशाच बायांच्या हातांनी झालेले. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. दुष्काळ पडला हे वाक्य तेव्हाही तसंच बोललं गेलं, पण त्याच्यापुढे एक वाक्य जोडलं गेलं: मागेल त्याला काम मिळालं पाहिजे. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पाऊस न पडणं हे निसर्गाचं राहिलं. पण पाऊस पडला नाही म्हणून चूल न पेटणं हे सरकारचं उत्तरदायित्व ठरलं. हमी कितपत पाळली गेली यावर वाद घालता येईल, पण रेषा सरकली. दुष्काळासारखी अजस्र गोष्ट नशिबाच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात टाकता आली, तर दोन फुटांचा खड्डा का नाही?

'पावसानं खड्डा पडतो' हे कितपत खरं आहे तेही बघू. डांबर पाण्याला अडवतं, तोपर्यंत रस्ता टिकतो. डांबराला भेग गेली आणि ती वेळेवर बुजवली नाही की पाणी खालच्या खडी-मुरुमाच्या थरात उतरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबानं बारीक माती घेऊन भेगेतून बाहेर येतं. असं शेकडो चाकांनी केलं की खाली पोकळी होते आणि एक दिवस वरचा पापुद्रा आत बसतो. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या मातीत आणखी एक भानगड असते: ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता सारखा श्वास घेत असतो. म्हणून तर रस्त्याला मधून कडेकडे उतार लागतो, बाजूला चर लागतो, चर साफ लागतो. पाऊस हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे, आणि सगळ्यात निष्पापही. तो दर वर्षी जूनमध्ये येतो हे कुणापासून लपलेलं नाही.

आणि चाकांचं काय? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही इंजिनिअर वापरतात: रस्त्याची झीज ही एका आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. माझ्या गाडीच्या एका आसावर अर्धा टन वजन धरा आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. वजन वीस पट, पण झीज वीसचा चौथा घात, म्हणजे एक लाख साठ हजार पट. रस्ता कोण मोडतं याचं उत्तर गणिताला विचारलं तर ते ट्रककडे बोट दाखवतं.

पण म्हणून ट्रकवाल्याला दोषी धरायचं का? त्याला फेरीवर पैसे मिळतात. हंगामात उसाच्या वाहनांनी रस्ता चेपतो हे खरं, पण तो ऊस तोडणाऱ्याला टनावर पैसे मिळतात आणि त्याची साखर माझ्या चहात येते. इथे गुंता सुरू होतो. ठेकेदार म्हणेल, मी काम दिलं तेव्हा रस्ता ठीक होता, माझा 'दोष दायित्व कालावधी' संपला. (काय शब्द आहे! दोषालाही मुदत असते.) इंजिनिअर म्हणेल, मी प्रस्ताव पाठवला होता, निधी आला नाही. निधी देणारा म्हणेल, नवीन रस्त्याच्या उद्घाटनाला माणसं जमतात, चर साफ केल्याचं कुणी नारळ फोडत नाही. मतदार म्हणजे मी आणि तुम्ही. यातलं एकेकाचं म्हणणं तपासलं तर बरंचसं खरं निघेल. डेनिस थॉम्पसन यांनी १९८० च्या एका लेखात सरकारी कामाबद्दल बोलताना याला 'अनेक हातांचा प्रश्न' म्हटलं होतं: काम इतक्या हातांतून जातं की नुकसान झाल्यावर एकही हात पुरेसा दोषी सापडत नाही.

माझ्या धंद्यात या प्रश्नावर एक उत्तर काढलेलं आहे. रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही एक टिपण लिहितो. त्यात कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही, असा नियम असतो. काय घडलं, कधी कळलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं, एवढंच. सुरुवातीला मला वाटलं, रस्त्यांनाही हेच लागू करावं. कुणाला फासावर देऊन खड्डा बुजत नाही. पण नीट बघितलं तर ते टिपण चालतं ते दुसऱ्या एका गोष्टीच्या जोरावर. त्या सर्व्हरला एक मालक असतो. रात्री तीन वाजता कुणाचा फोन वाजणार हे आधीच ठरलेलं असतं. दोष माफ असतो कारण जबाबदारी पक्की असते. आपल्या रस्त्यांवर दोषही कुणाचा नाही आणि फोनही कुणाचा वाजत नाही, आणि या परिस्थितीला आपण समजूतदारपणा म्हणतो.

आता सस्पेन्शनकडे येतो. सस्पेन्शन म्हणजे काय? रस्त्याचा दोष माझ्या मणक्यापर्यंत पोचण्याआधी मधेच गिळून टाकणारी वस्तू. स्प्रिंग धक्का घेते, शॉकअप त्याची उष्णता करून संपवतो. मी बिल भरतो ते या गिळण्याचं. म्हणजे माझ्यापुरतं हाडांचं नुकसान पैशांच्या नुकसानीत बदलून घेण्याची सोय मी विकत घेतलेली आहे. दुचाकीवाल्याकडे ती फार थोडी असते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ज्या ट्रॉलीत संसार भरून, लेकरं मांडीवर घेऊन रात्रीचा प्रवास करतात, तिच्याखाली माझ्या गाडीसारखे शॉकअप नसतात. आणि दुसऱ्या टोकाला ज्यांचे मोठमोठे ताफे आमच्या जिल्ह्यातून धुरळा उडवत जातात, त्यांच्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स इतका असतो की तो खड्डा त्यांना कळतही नसेल. रस्त्याबद्दल निर्णय घेण्याची ताकद जसजशी वाढते तसतसं सस्पेन्शन सुधारत जातं. मला हे साधं तांत्रिक सत्य वाटत नाही. आमच्या मित्रांमध्ये रस्त्यांचा विषय निघाला की शेवट 'आता पुढची गाडी एसयूव्हीच घ्यायची' असा होतो. सार्वजनिक दुखण्यावर खासगी स्प्रिंग.

विमा हीदेखील अशीच एक स्प्रिंग. क्लेम करायचा का, हा हिशेब मी मांडला. पंधराशे सीसीच्या आतल्या गाडीला हजार रुपये सक्तीचे आपले, रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट, टायरचे निम्मे आणि तेही गाडीचं दुसरं नुकसान झालं असेल तरच, शिवाय झीज म्हणून झालेलं काही चालत नाही. त्यात क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. बुश झिजलेला होता की धक्क्यानं फाटला हे सर्व्हेअर ठरवणार. मी क्लेम केला नाही. पण त्या फॉर्मवर अपघाताचं कारण लिहायच्या रकान्यापाशी थांबलो. मी 'खड्डा' लिहिलं असतं आणि ते पुरेसं कारण मानलं गेलं असतं. पुढे कुणी विचारलं नसतं. विमा कंपनीच्या लेखी तो आणि अंगावर पडलेलं झाड यांत फरक नाही.

कायद्याच्या लेखी तरी आहे का? आपला नुकसानभरपाईचा कायदा बराचसा इंग्रजांच्या न्यायालयांतून आलेला, म्हणून एक जुना खटला बघण्यासारखा आहे. १७८८ साली डेव्हन परगण्यातला एक पूल नादुरुस्त होता आणि त्यावर रसेल नावाच्या माणसाच्या मालगाडीचं नुकसान झालं. म्हणजे सस्पेन्शनचंच प्रकरण म्हणा. त्यानं परगण्यातल्या लोकांवर दावा लावला. न्यायालयानं तो फेटाळला. असे दावे ऐकायला लागलो तर त्यांना अंत राहणार नाही, भरपाई द्यायला परगण्याचा म्हणून काही फंडही नाही, आणि एका न्यायाधीशांच्या मते एकट्यादुकट्यानं नुकसान सोसणं हे सगळ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा बरं. काही वाईट केलं तर दोष. काहीच केलं नाही तर दोष नाही. इंग्लंडला रस्त्यांबाबत हा नियम मोडायला १९६१ चा कायदा यावा लागला. त्यानंतर रस्ता सांभाळणाऱ्यावर तिथे दावा लावता येतो, पण नियमित तपासणी आणि वाजवी काळजी घेतली होती हे दाखवलं तर तो सुटतो. म्हणजे सगळा मुद्दा एका जागी येऊन ठेपतो: तुम्हाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांत कसूर झाली आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड. न्यायालयानं काय काय बघावं याची यादी त्या कलमात आहे, आणि त्यातही हेच आहे: त्या जागेपासून धोका आहे हे संबंधितांना माहीत होतं का, किंवा माहीत असणं अपेक्षित होतं का. मुंबई उच्च न्यायालयात २०१३ पासून खड्ड्यांवरची जनहित याचिका चालू आहे. एका न्यायमूर्तींनीच मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रातून ती उभी राहिली. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं त्यात सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचा आदेश दिला. ही रक्कम पुढे दोषी अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करायची आहे. वाकलेल्या लोअर आर्मला यात जागा नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस आधी. मात्र यात एक विचित्र गोष्ट होते. माणूस मेला किंवा अपंग झाला तरच तो खड्डा गुन्हा ठरतो. तोवर तीन गाड्या, पाच गाड्या, दहा गाड्या हा नुसता हवामानाचा अंदाज असतो.

त्या दहा गाड्या म्हणजेच माहिती. आमच्या मिस्त्रींकडे ती आहे, वहीसुद्धा न ठेवता. सगळ्या गावाकडे आहे. खड्ड्यात बाभळीची फांदी खोचून ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. ती कुणी लावली हे कधीच कळत नाही, पण ती पुढच्या माणसासाठी असते. मला ती आपल्या समाजातली एक सुंदर गोष्ट वाटते. फक्त एवढंच की ती फांदी वाटसरूला सांगते, कार्यालयाला सांगत नाही. 'सगळ्यांना माहीत आहे' याचा सरकारी अर्थ 'कुणीही कळवलेलं नाही' असा होतो.

मग स्वतःच बुजवावा का? मुंबईत दादाराव बिल्होरे यांनी ते केलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जुलै २०१५ मध्ये पाण्यानं भरलेल्या खड्ड्यामुळे त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून हा भाजीविक्रेता बाप खडी-माती घेऊन शेकडो खड्डे भरत राहिला. त्यांच्यापुढे मान खाली जाते. तरीही ज्याचं काम आहे त्याची सुटका यातून होते की काय, ही शंका मला सोडत नाही. माझ्या एका मित्राचं मत उलट आहे: उद्या तिथे कुणाचं लेकरू पडणार असेल तर आज तुझी तत्त्वं ठेव खिशात आणि टाक दोन पाट्या मुरूम. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो बरोबर आहे आणि तरी माझी शंकाही जात नाही.

मी अर्ज दिला. खड्ड्याचे फोटो, तारीख, किलोमीटरच्या दगडापासूनचं अंतर, गॅरेजच्या बिलाची झेरॉक्स. पहिल्या कार्यालयात सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे यायचाय, हस्तांतरण बाकी आहे. आवक टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्हाला पैसे पाहिजेत का?" मी म्हणालो, "नाही मॅडम, तुम्हाला कळलंय याचा शिक्का पाहिजे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पोच दिली. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का.

तीन आठवड्यांनी गावाहून फोन आला की खड्डा बुजवलाय, वर मुरूम टाकलाय. कुणी बुजवला ते विचारलं. सरपंच म्हणाले आम्ही नाही. कार्यालयातल्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, नोंद दिसत नाही. दोन पावसांनी मुरूम वाहून गेला. दिवाळीला गेलो तेव्हा खड्डा होता तिथेच होता, थोडा लांबट झालेला. दुसरा अर्ज मी घरीच बसून लिहिला, आणि 'संदर्भ' या शब्दापुढे पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख टाकली.